गती टिकवायला बल लागते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या सदरासाठी बल आणि गती यांविषयीचे प्रश्न निवडले आहेत. शाळकरी विद्यार्थी, पालक आणि शिक्षक अशा सर्वांकडून ते आले आहेत. वरवर पाहता ते निरनिराळे वाटतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: वस्तू चालत असेल, तर तिला चालवणारे बल त्या क्षणी तिच्यावर असलेच पाहिजे. ही समजूत चुकीची आहे, पण तिला भाबडी म्हणता येणार नाही, कारण रोजचा अनुभव तिच्याच बाजूने साक्ष देत असतो. म्हणून ती एका वाक्यात निकालात न काढता प्रत्येक प्रश्नात ती नेमकी कुठे दडली आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न: जड टेबल आपण ढकलत असेपर्यंत सरकते आणि ढकलणे थांबवताच थांबते. मग बाह्य बल नसल्यास गतिमान वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने जात राहते, हा न्यूटनचा पहिला नियम या अनुभवाशी कसा जुळवायचा?

उत्तर: हात काढून घेतल्यावर टेबल थांबते, ते त्याच्यावरचे सगळे बल नाहीसे झाले म्हणून नव्हे, तर एक बल अजून शिल्लक राहिले म्हणून. आपण टेबल ढकलत असतो तेव्हा त्याच्यावर आडव्या दिशेने दोन बले कार्य करत असतात: हातांचे बल पुढे आणि फरशीच्या घर्षणाचे बल मागे. टेबल एकाच वेगाने सरकत असते, तेव्हा ही दोन्ही बले अगदी सारखी असतात आणि परिणामी बल शून्य असते. बहुतेक जण इथेच अडखळतात, कारण हातांना जाणवणारा जोर खरा असतो आणि परिणामी बल मात्र शून्य आहे असे पुस्तक सांगते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपला जोर टेबलाची गती निर्माण करण्यात नव्हे, तर घर्षण फेडण्यात खर्च होत असतो.

आता आकडे घेऊन पाहू. टेबल २० किलोग्रॅमचे आहे, फरशीचे घर्षण ८० न्यूटन आहे आणि टेबल सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने सरकत आहे, असे धरा. हात काढताच पुढचे बल जाते आणि मागचे ८० न्यूटन उरते. त्यामुळे टेबलाचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने घटू लागतो. या हिशेबाने ते सेकंदाच्या आठव्या हिश्शात, सुमारे ३ सेंटिमीटर सरकून थांबते. एवढा अल्प काळ आणि एवढे अल्प अंतर डोळ्यांना टिपता येत नाही. म्हणून टेबल ‘लगेच’ थांबले असे वाटते आणि बल संपताच गती संपली, असा निष्कर्ष आपण काढतो. तेच टेबल गुळगुळीत बर्फावर असते, तर हात काढल्यावर ते किती तरी पुढे जात राहिले असते आणि हा निष्कर्ष आपल्या मनात आलाच नसता.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने हाच निष्कर्ष काढला होता आणि सुमारे दोन हजार वर्षे त्याचा प्रभाव टिकून राहिला. गॅलिलिओने त्याला छेद दिला, तो उतरणींच्या साहाय्याने. एका उतरणीवरून सोडलेली गुळगुळीत गोळी समोरच्या चढावर जवळजवळ मूळ उंचीपर्यंत जाते. समोरचा चढ कमी तीव्र केला, तर तीच उंची गाठण्यासाठी तिला अधिक लांब जावे लागते. चढ आणखी कमी केला, की अंतर आणखी वाढते. मग चढ पूर्ण नाहीसा करून पृष्ठभाग सपाट केला आणि घर्षणही नसले, तर गोळीला थांबायला कारणच उरत नाही. प्रत्यक्षात करता न येणारी ही शेवटची पायरी विचाराने गाठणे, हे माझ्या मते पदार्थविज्ञानाच्या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल होते. गॅलिलिओचे गतीविषयक विवेचन १६३८ मध्ये प्रसिद्ध झाले, देकार्तने १६४४ मध्ये सरळ रेषेतील गतीची बाब स्पष्टपणे मांडली आणि १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये तिला पहिल्या नियमाचे स्थान दिले. आज या नियमाचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर १ हे यान. सूर्यमालेतील ग्रहांना मागे टाकून ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने दूर जात आहे आणि तो वेग टिकवण्यासाठी कोणतेही इंजिन त्याला ढकलत नाही.

प्रश्न: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत वरच्या बिंदूला क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याच्यावरचे बल शून्य असते का? आणि हाताने दिलेले बल वर जाताना हळूहळू संपत जाते, असे समजणे बरोबर आहे का?

उत्तर: दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि दुसरा प्रश्न आधी सोडवला, तर पहिला आपोआप सुटतो. चेंडू हाताला टेकलेला असतो तोवरच हाताचे बल त्याच्यावर असते. तो हातातून सुटला, की ते बल त्याच क्षणी शून्य होते. त्यानंतर हवेचा अल्प विरोध सोडला, तर चेंडूवर एकच बल उरते आणि ते म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. ते चेंडू वर जाताना, माथ्यावर असताना आणि खाली येताना, तिन्ही वेळी खालच्याच दिशेने असते आणि तेवढेच असते.

समजा, चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने वर फेकला. गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या वेगात दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका बदल होतो. एका सेकंदानंतर त्याचा वेग वरच्या दिशेने १०.२ मीटर प्रति सेकंद असतो आणि दोन सेकंदांनंतर फक्त ०.४. तीन सेकंदांनंतर मात्र तो खालच्या दिशेने ९.४ मीटर प्रति सेकंद वेगाने येत असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सेकंदाच्या दरम्यान चेंडू माथ्यावरून गेला, तरीही वेगातला बदल नेमका ९.८ इतकाच झाला. ०.४ वरून शून्यावर यायला ०.४ खर्च झाले आणि उरलेल्या ९.४ ने त्याला खालची दिशा दिली. माथ्यावर बल शून्य झाले असते, तर वेगही शून्य आणि बलही शून्य अशा स्थितीतला चेंडू पहिल्या नियमानुसार तिथेच लटकून राहिला असता. तो परत येतो, हाच माथ्यावरही बल असल्याचा पुरावा आहे.

वर जाणाऱ्या चेंडूकडे ‘काहीतरी’ आहे, ही जाणीव मात्र अगदीच निराधार नाही. चौदाव्या शतकात ज्याँ ब्युरिदाँ या फ्रेंच विचारवंताने फेकलेल्या वस्तूत फेकणारा एक प्रेरणा भरतो, अशी कल्पना मांडली होती आणि आपल्या वाचकाची कल्पना तिच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. चेंडूकडे खरोखर काहीतरी असते, पण ते बल नसून संवेग असतो, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. संवेग ही वस्तूची स्वतःची स्थिती असते. बल ही मात्र दोन वस्तूंमधली घटना असते आणि ती एका वस्तूत साठवून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून कोणतेही बल कागदावर दाखवण्यापूर्वी ‘हे बल कोण लावत आहे?’ असा प्रश्न विचारावा. वर जाणाऱ्या चेंडूवर ‘वरच्या दिशेचे बल’ काढणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि चूक त्याच्या स्वतःच्याच लक्षात येते. शिक्षकांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

प्रश्न: बसने अचानक ब्रेक लावल्यावर प्रवाशाला पुढे ढकलणारे बल कोणते?

उत्तर: असे कोणतेही बल नसते. वरचाच प्रश्न इथे विचारून पाहा: पुढे कोण ढकलते? कोणीच नाही. प्रवासी बसबरोबर एका वेगाने जात होता. ब्रेकमुळे बसचा वेग घटला, पण प्रवाशाचा वेग घटवण्याइतके बल त्याच्या वरच्या शरीराला मिळाले नाही, म्हणून ते पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहिले. पाय मात्र बसच्या तळाशी घर्षणाने बांधलेले असल्याने बसबरोबर मंदावले. रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्याला प्रवासी पुढे फेकला गेल्यासारखा दिसत नाही. बस त्याच्याखालून मागे राहिल्यासारखी दिसते. सीटबेल्टचे काम म्हणजे प्रवाशाला मागच्या दिशेने बल पुरवणे, जेणेकरून त्याचा वेग गाडीच्या वेगाबरोबरच कमी होईल.

प्रश्न: क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतील, तर ती एकमेकांना रद्द का करत नाहीत? घोडा गाडीला जितक्या बलाने ओढतो, तितक्याच बलाने गाडी घोड्याला मागे ओढते. मग गाडी हलतेच कशी?

उत्तर: हा प्रश्न जुना आहे आणि तो पडणे हे विचार करत असल्याचे लक्षण आहे. तिसऱ्या नियमाचे पाठांतर करताना ‘दोन वेगवेगळ्या वस्तूंवर’ हे शब्द बहुधा गळून पडतात आणि सारा गोंधळ तिथून सुरू होतो. घोड्याने लावलेले बल गाडीवर असते आणि गाडीने लावलेले बल घोड्यावर असते. एकाच वस्तूवरची बलेच एकमेकांना रद्द करू शकतात. एखादी वस्तू हलेल की नाही, हे ठरवताना फक्त त्या वस्तूवरच्या बलांची बेरीज करायची असते आणि तिने इतरांवर लावलेली बले हिशेबात घ्यायची नसतात.

हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. घोड्याचे वस्तुमान ४०० किलोग्रॅम आणि गाडीचे ३०० किलोग्रॅम आहे. गाडीच्या चाकांचा एकूण विरोध १५० न्यूटन आहे. घोडा खुरांनी जमिनीला ५०० न्यूटन बलाने मागे रेटतो आणि तिसऱ्या नियमानुसार जमीन घोड्याला ५०० न्यूटन बलाने पुढे रेटते. घोडा आणि गाडी यांचा एकत्र विचार केला, तर बाहेरून येणारी आडवी बले दोनच आहेत: पुढे ५०० आणि मागे १५०. उरलेले ३५० न्यूटन ७०० किलोग्रॅमला दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद, म्हणजे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, इतके त्वरण देतात. आता एकट्या गाडीकडे पाहा. ३०० किलोग्रॅमला हे त्वरण मिळायला १५० न्यूटन परिणामी बल हवे आणि चाकांचा विरोध १५० न्यूटनचा आहे, म्हणून घोडा तिला ३०० न्यूटन बलाने ओढत असला पाहिजे. एकट्या घोड्याकडे पाहिले, तर जमीन त्याला ५०० न्यूटनने पुढे आणि गाडी ३०० न्यूटनने मागे ओढते. उरलेले २०० न्यूटन त्याच्या ४०० किलोग्रॅमला नेमके तेच त्वरण देतात. घोडा आणि गाडी यांच्यामधली बले ३०० आणि ३०० अशी तंतोतंत समान राहिली, तिसरा नियम कुठेही मोडला नाही आणि तरीही गाडी वेग घेत गेली.

पुढे हवा तेवढा वेग आला आणि घोडा एकसमान चालीने चालू लागला, की तो जमिनीला फक्त १५० न्यूटन बलाने रेटतो आणि गाडीलाही १५० न्यूटन बलानेच ओढतो. या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट दिसते. घोड्याला पुढे नेणारे बल त्याच्या स्नायूंचे नसून जमिनीचे असते. स्नायू जमिनीला रेटतात आणि जमीन घोड्याला रेटते. गुळगुळीत बर्फावर त्याच ताकदीचा घोडा गाडी हलवू शकत नाही, कारण खुरांना रेटण्यासाठी काही सापडतच नाही.

याच संदर्भात एका शिक्षिकेने टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाविषयी विचारले आहे. पुस्तकाचे वजन खाली आणि टेबलाचे बल वर, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे असे अनेक ठिकाणी शिकवले जाते, पण ते बरोबर नाही. ही दोन्ही बले एकाच वस्तूवर, म्हणजे पुस्तकावर आहेत. ती समान आहेत, कारण पुस्तक स्थिर आहे. तिसऱ्या नियमाचा इथे संबंध नाही. टेबलासकट पुस्तक वेग घेत वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवले, तर टेबलाचे बल वजनापेक्षा अधिक होते. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी कधीच अशी विषम होऊ शकत नाही. पुस्तकाच्या वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला आपल्याकडे ओढणारे बल. १ किलोग्रॅमच्या पुस्तकासाठी दोन्ही बाजूंनी ते ९.८ न्यूटनच असते, पण पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहायचे तर ६ वर २४ शून्ये द्यावी लागतात आणि त्यामुळे पृथ्वीवर होणारा परिणाम मोजता येण्यापलीकडचा असतो.

प्रश्न: अवकाशात हवा नसते. मग रॉकेट कशाला रेटून पुढे जाते?

उत्तर: स्वतःच्याच वायूंना. इंजिनात जळालेले वायू रॉकेट अतिशय वेगाने मागे फेकते आणि ते वायू रॉकेटला पुढे रेटतात. बाहेरच्या हवेची त्यात काही भूमिका नसते. उलट हवा रॉकेटला विरोधच करते. ही शंका मोठमोठ्यांना पडलेली आहे. रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकी संशोधकाच्या रॉकेटविषयीच्या कल्पनेवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी १९२० मध्ये संपादकीय टीका केली होती. निर्वातात रेटण्यासारखे काही नसताना रॉकेट चालणार कसे, हाच तिचा रोख होता. अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक दुरुस्त केली.

प्रश्न: जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते ना?

उत्तर: हवा नसेल तर नाही. दुप्पट वस्तुमानाच्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाचे बल दुप्पट असते, पण तिचा वेग बदलणेही दुप्पट कठीण असते, म्हणून दोघींचे त्वरण सारखेच राहते. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एक हातोडी आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी हातांतून सोडले आणि दोन्ही एकाच वेळी चंद्राच्या पृष्ठभागावर टेकली.

प्रश्न: अवकाशस्थानकात अंतराळवीर तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसते, असे आमच्या मुलाला सांगितले गेले. ते बरोबर आहे का?

उत्तर: नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तिथले गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ८९ टक्के असते. ते नसते, तर पहिल्या नियमानुसार स्थानक सरळ रेषेत निघून गेले असते आणि पृथ्वीभोवती फिरलेच नसते. खरी गोष्ट अशी, की स्थानक आणि आतली माणसे अखंड पडत असतात. एका सेकंदात स्थानक पृथ्वीकडे सुमारे ४.३ मीटर पडते. पण त्याच सेकंदात ते सुमारे ७.७ किलोमीटर पुढेही गेलेले असते आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोल पृष्ठभागही जवळजवळ तितकाच खाली वळलेला असतो. म्हणून स्थानक पडत राहते, पण जमिनीच्या जवळ येत नाही. अंतराळवीर आणि त्यांच्या पायाखालचा तळ एकाच त्वरणाने पडत असल्यामुळे तळ पायांना वर रेटत नाही. आपल्याला वजन जाणवते ते जमिनीच्या या रेट्यामुळे. तो नाहीसा झाला, की गुरुत्वाकर्षण कायम असूनही वजन जाणवत नाही. मुलाला हे सांगताना उंचीपेक्षा पडण्यावर भर द्यावा, म्हणजे त्याला ते पटेल.

प्रश्न: गाडीचा वेग दुप्पट केला, तर ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर दुप्पट व्हायला हवे. ते चौपट होते असे वाचले. ते कसे?

उत्तर: ब्रेकचे बल वेग एकदम काढून घेत नाही, तर ठरावीक दराने कमी करते. हा दर दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद आहे असे धरा. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबायला २ सेकंद घेते, तर २० मीटर वेगाची गाडी ४ सेकंद. म्हणजे वेळ दुप्पट झाला आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट झाला. अंतर हा दोघांचा गुणाकार असल्याने ते १० मीटरवरून ४० मीटरवर जाते. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे मानले, तर त्यात अनुक्रमे १० आणि २० मीटरची भर पडते.

याचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून तोही सांगतो. एक गाडी ताशी ७२ किलोमीटरने आणि दुसरी ताशी ९० किलोमीटरने शेजारी शेजारी चालल्या आहेत आणि दोघींचे चालक एकाच ठिकाणी, सारख्याच दराने ब्रेक लावतात. पहिली गाडी समोरच्या अडथळ्याला जेमतेम न टेकता थांबते. वेगांमधला फरक केवळ १८ किलोमीटरचा असल्यामुळे दुसरी गाडी तिथे पोचेपर्यंत बरीच मंदावली असेल, असे कोणालाही वाटेल. पण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हिशेब वर्गांचा करावा लागतो. सेकंदाला २५ मीटर या वेगाचा वर्ग ६२५ आणि २० मीटरचा ४००. फरक उरतो तो २२५ आणि त्याचे वर्गमूळ १५. सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने दुसरी गाडी त्या अडथळ्यावर आदळते.